लॉ क्लर्कशिपचा अर्ज : जाहिरात निघण्याआधीपासून रुजू होईपर्यंत

लॉ क्लर्क म्हणजे न्यायमूर्तींसाठी संशोधन करणारा आणि टिपणं काढणारा कायद्याचा पदवीधर. या पदाची जाहिरात निघाली की त्या आठवड्यात येणारे प्रश्न ठरलेले असतात. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागलेला नाही, तरी भरू का? दुसऱ्या वर्षी एका विषयात एटीकेटी होती, ती दाखवायची का? सर गावाला गेलेत, शिफारसपत्र मागाहून दिलं तर चालेल का? प्रश्न विचारणारी मुलं हुशार असतात, कायदा त्यांना येतो, आणि तरी अर्ज इथेच अडकतो. फॉर्म भरायचं काम फार तर तीन आठवड्यांचं असतं. त्याआधीचं काम जवळजवळ वर्षभराचं आहे, आणि बहुतेक जण ते त्या तीन आठवड्यांत कोंबायला जातात.

खाली सगळं क्रमाने दिलं आहे. क्रम बदलू नका, कारण मागच्या टप्प्यावर पुढचा अवलंबून आहे.

## टप्पा १ : कोणत्या दारातून जायचं ते ठरवा

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला मुख्यतः तीन वाटा आहेत, आणि तिन्हींची तयारी वेगळी आहे.

पहिली सुप्रीम कोर्टाची. पदाचं नाव लॉ क्लर्क-कम-रिसर्च असोसिएट. २०२५च्या भरतीत सुमारे ९० जागा होत्या. महिन्याला ८० हजार रुपये मानधन, वयाची अट २० ते ३२ वर्षं, अर्जाचं शुल्क ५०० रुपये. ऑनलाइन नोंदणी १४ जानेवारी ते ७ फेब्रुवारी चालली आणि परीक्षा ९ मार्चला झाली. निवड तीन भागांत होते : बहुपर्यायी प्रश्न, लेखी उत्तरं आणि मुलाखत. पहिले दोन भाग एकाच दिवशी दोन सत्रांत होतात. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो, पण रुजू होण्याआधी पदवी हातात असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

दुसरी मुंबई उच्च न्यायालयाची. जानेवारी २०२५च्या जाहिरातीत ६४ जागा, ६५ हजार मानधन आणि २१ ते ३० वर्षं वयाची अट होती. इथे गुणांची अट कडक आहे : एलएलबीची अंतिम परीक्षा पहिल्या प्रयत्नात आणि किमान ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण, किंवा मग एलएलएम. हे आकडे आणि अटी दर वर्षी जाहिरातीतून पुन्हा तपासायच्या. गेल्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबून अर्ज करणारे कमी नाहीत.

तिसरी वाट थेट चेंबरची, म्हणजे न्यायमूर्तींच्या स्वतःच्या कार्यालयाची. काही न्यायमूर्ती सीव्ही, नमुना लेखन आणि मुलाखत यांवरून स्वतः क्लर्क किंवा संशोधन-सहायक निवडतात. इथे जाहिरात निघेलच असं नाही. ही वाट सगळ्यात मोकळी दिसते आणि सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. त्याची कारणं टप्पा ५ मध्ये येतील.

वाट ठरवताना स्वतःला एक प्रश्न विचारा : पुढचं वर्षभर वकिली बंद ठेवायची माझी तयारी आहे का? बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी काम करताना वकिली करता येत नाही. ज्याला लगेच ट्रायल कोर्टात उभं राहून उलटतपासणी शिकायची आहे, त्याचं हे वर्ष दुसरीकडे जास्त सत्कारणी लागेल. न्यायाधीशपदाची तयारी करणाऱ्यांसाठी मात्र गणित बदललं आहे. ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात २० मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आणि लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम त्या काळात मोजावं असंही सांगितलं. या पदाची परीक्षा, म्हणजे जेएमएफसी, द्यायची असेल तर एमपीएससीच्या जाहिरातीत हा मुद्दा नेमक्या कोणत्या शब्दांत उतरला आहे ते त्या वेळी वाचा आणि मगच वर्षांची बेरीज करा.

तपासा : कुठे अर्ज करायचा, याची लेखी यादी झाली का? ‘जिथे जागा निघतील तिथे’ ही यादी नव्हे.

## टप्पा २ : कॅलेंडर उलटं मांडा

रुजू व्हायच्या तारखेपासून मागे या. क्लर्कशिप साधारण उन्हाळी सुट्टीनंतर सुरू होते असं धरा. म्हणजे पदवीचा पुरावा त्याआधी हवा, मुलाखत त्याआधी, परीक्षा त्याआधी आणि अर्ज जानेवारीच्या आसपास. मग शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांशी पहिलं बोलणं दिवाळीच्या आधी झालेलं असायला हवं, आणि नमुना लेखनाचा विषय त्याच्याही आधी ठरलेला.

खरी अडचण निकालाची आहे. आपल्या विद्यापीठांचे निकाल आणि पुनर्मूल्यांकन कधी हातात पडेल हे कुलगुरूही छातीठोकपणे सांगणार नाहीत. त्यामुळे पुरावा म्हणून नेमकं काय चालतं हे जाहिरातीतून शोधा : प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट, की थेट पदवी. प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसाठी निकालाच्याच आठवड्यात अर्ज करा. नेमणुकीचं पत्र आल्यावर विद्यापीठात धावणाऱ्याला खिडकीवर ‘पंधरा दिवसांनी या’ हेच ऐकू येतं.

वयाच्या अटीत कोणत्या तारखेला वय मोजायचं ते वेगळं दिलेलं असतं.  पाच वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्यांना सहसा अडचण येत नाही. नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी केलेल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

सावधान : ‘पहिल्या प्रयत्नात’ ही अट असेल तर ती अंतिम परीक्षेपुरती आहे की सगळ्या वर्षांना लागू आहे, हे शब्द न् शब्द वाचून ठरवा. शंका राहिली तर जाहिरातीत दिलेल्या पत्त्यावर लेखी विचारा. एटीकेटी लपवू नका. मार्कशीटवर ती दिसते, आणि लपवलेली एटीकेटी ही मूळ एटीकेटीपेक्षा कितीतरी महागात पडते.

## टप्पा ३ : कागदपत्रं, आणि त्यांवरचं नाव

कंटाळवाणा टप्पा आहे, म्हणून लवकर उरकून टाका. दहावीचं प्रमाणपत्र, सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी किंवा प्रोव्हिजनल, कॉलेजचं बोनाफाईड, चारित्र्याचा दाखला, ओळखपत्र, वकिलीची सनद झाली असेल तर तिची प्रत. प्रत्येकाचं स्वच्छ स्कॅन करा. मोबाइलवर काढलेल्या, कोपऱ्यात अंगठा दिसणाऱ्या फोटोंवर भागवू नका.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, विद्यापीठाच्या मार्कशीटवर आईचंही नाव जोडलेलं, सनदेवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक तर घरोघरी आहे. अर्जात कोणतं नाव वापरायचं ते एकदा ठरवा, बहुतेक वेळा दहावीचं, आणि सगळीकडे तेच लिहा. फरक मोठा असेल तर प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत.

दुसरा घोळ सीजीपीएचा. अर्जात टक्के मागितले असतील तर गुणिले साडेनऊ करून मोकळे होऊ नका. हे सूत्र प्रत्येक विद्यापीठाला लागू नाही. तुमच्या विद्यापीठाचं रूपांतराचं अधिकृत सूत्र मार्कशीटच्या मागे किंवा परिपत्रकात असतं. नसेल तर परीक्षा विभागाकडून पत्र घ्या. ५५ टक्क्यांच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या बाबतीत या एका कागदावर अर्ज तरतो किंवा पडतो.

## टप्पा ४ : सीव्ही

एक पान, फार तर दोन. सीव्ही इंग्रजीतच जाईल, पण तो तपासण्याची कसोटी साधी आहे : प्रत्येक ओळीवर मुलाखतीत पाच मिनिटं बोलता येईल का? येत नसेल तर ती ओळ काढा.

इंटर्नशिपच्या नोंदी सगळ्यांच्या सारख्याच असतात. ‘वरिष्ठ वकिलांना संशोधन व मसुदालेखनात साहाय्य केले.’ यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘भूसंपादनाच्या मोबदल्याच्या प्रथम अपिलात मुदतीच्या प्रश्नावर टिपण तयार केलं, दोन परस्परविरोधी निकालांची तुलना केली.’ पक्षकाराचं नाव नको, अशिलाची माहिती नको. फक्त काम काय आणि प्रश्न कोणता. एवढ्यावरून हे पोरगं फाइल उघडून वाचतं की नुसतं ऑफिसात बसून आलंय, हे न्यायमूर्तींना कळतं.

मूट (सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धा), वादविवाद, परिषदा यांची जंत्री कमी करा. प्रमाणपत्रांच्या वेबिनारांना तर सरळ फाटा द्या. राहिलेल्या जागेत एक गोष्ट जरूर घाला, जी आपली मुलं संकोचाने वगळतात : मराठी. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांचं कामकाज मराठीतही चालतं. अपिलात वर येणाऱ्या रेकॉर्डमध्ये फिर्याद, पंचनामा, जबाब, सातबारा, फेरफार, खरेदीखत हे सगळं मराठीत असतं, पुष्कळदा हस्ताक्षरात. उच्च न्यायालयात, विशेषतः नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांत किंवा ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचवर, असा कागद झरझर वाचून त्याचा इंग्रजी गोषवारा देणारा क्लर्क चेंबरला हवाच असतो. ‘भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी’ एवढ्यावर न थांबता ‘मराठी महसुली व फौजदारी अभिलेख वाचून इंग्रजीत सारांश करता येतो’ असं लिहा. खरं असेल तरच लिहा. समोर लगेच एखादा फेरफार ठेवला जाऊ शकतो.

## टप्पा ५ : थेट चेंबरला अर्ज

परीक्षेच्याच वाटेने जाणार असाल तर हा टप्पा सोडून पुढे जा.

५.१ न्यायमूर्ती निवडा, यादी नको. एकच ईमेल तीसजणांना पाठवणं म्हणजे अर्ज न करण्यासारखंच. त्यातही एखाद्या पत्रात आधीच्या न्यायमूर्तींचं नाव तसंच राहून जातं. कुठल्या प्रकारची मॅटर, म्हणजे प्रकरणं, सध्या त्यांच्यापुढे आहेत ते न्यायालयाच्या संकेतस्थळावरच्या रोस्टरमध्ये (कामाच्या वाटपात) आणि रोजच्या बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत) दिसतं. त्यांचे अलीकडचे दोन-तीन निकाल पूर्ण वाचा.

५.२ निवृत्तीची तारीख बघा. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश ६५व्या वर्षी आणि उच्च न्यायालयाचे ६२व्या वर्षी निवृत्त होतात. जन्मतारीख संकेतस्थळावरच्या परिचयात असते. जूनपासून वर्षभरासाठी अर्ज करायचा आणि न्यायमूर्ती सप्टेंबरमध्ये निवृत्त, असे अर्ज खरोखर जातात. वाचणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळते : याने साधा शोधही घेतलेला नाही, आणि नोकरी मात्र संशोधनाची मागतोय.

५.३ पत्र. अर्धं ते पाऊण पान. तुम्ही कोण, कधीपासून आणि किती काळ उपलब्ध, कोणत्या कामाचा अनुभव आणि सोबत काय जोडलंय. निकालांची स्तुती करू नका. ‘आपल्या ऐतिहासिक निकालाने मी भारावून गेलो’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं. एखाद्या निकालातल्या कायद्याच्या मुद्द्याचा तुमच्या अभ्यासाशी खरा संबंध असेल तर एका वाक्यात लिहा, नसेल तर राहू द्या. पत्र न्यायमूर्तींना उद्देशून असलं तरी ते आधी खासगी सचिव वाचतात. ईमेलच्या विषयाच्या ओळीत अर्ज, कालावधी आणि तुमचं नाव असू द्या, म्हणजे नंतर शोधता येईल.

५.४ नमुना लेखन. पाच ते आठ पानं, एकट्याने लिहिलेली, एकाच कायदेशीर प्रश्नावर. मूटचं मेमोरियल, म्हणजे स्पर्धेतला लेखी युक्तिवाद, तिघांनी मिळून लिहिलेलं असतं आणि त्यात एकच बाजू ओढून धरलेली असते. चेंबरला तर दोन्ही बाजू समसमान वजनाने मांडणारा माणूस हवा आहे. मेमोरियलच द्यायचं असेल तर आपला भाग वेगळा काढा आणि वर तसं नमूद करा. इंटर्नशिपमध्ये तयार केलेला मसुदा वकिलांच्या परवानगीशिवाय आणि नावं पुसल्याशिवाय कुठेही जोडू नका. न्यायमूर्तींच्या ते लगेच लक्षात येतं, आणि गोपनीयता न पाळणाऱ्याला चेंबरमध्ये कोण घेईल?

तपासा : नमुन्यातला प्रत्येक दाखला, म्हणजे आधार म्हणून दिलेला निकाल, मूळ निकाल उघडून पडताळला का? एआयने रचलेला, अस्तित्वातच नसलेला निकाल एकदा सापडला की बाकीची सात पानं कोणी वाचत नाही.

## टप्पा ६ : शिफारसपत्र

ज्यांच्या नावाला वजन आहे त्यांच्यापेक्षा ज्यांनी तुमचं काम तपासलंय ते प्राध्यापक किंवा वकील निवडा. ‘मी यांना ओळखतो, वर्तणूक चांगली आहे’ एवढंच लिहिणाऱ्या ज्येष्ठ वकिलापेक्षा ‘या विद्यार्थिनीने माझ्या मुदत कायद्याच्या व्याख्यानातली चूक दाखवून दिली’ असं लिहिणारी तरुण प्राध्यापिका परवडली.

मागताना सोबत सीव्ही, मार्कशीट, तुम्ही त्यांच्याकडे केलेलं काम आणि शेवटची तारीख द्या. ती खऱ्या तारखेच्या दहा दिवस आधीची सांगा. लेटरहेड, सही, तारीख, शिक्का आणि पाकीट सीलबंद हवं की उघडं, हे जाहिरातीप्रमाणे. सर ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणाले तर नम्रपणे मुद्द्यांचा कागद द्या आणि मजकूर त्यांनाच लिहू द्या. दोन विद्यार्थ्यांची एकाच साच्यातली पत्रं एकाच टेबलावर येतात, तेव्हा दोघांचीही किंमत जाते.

## टप्पा ७ : परीक्षेची तयारी

इथे जास्त थांबायला हवं, कारण चुकीची तयारी करून दमलेले उमेदवार मी खूप पाहतो. ते जेएमएफसीच्या पद्धतीने कलमं पाठ करतात. सुप्रीम कोर्टाची परीक्षा कायदा समजून तो लागू करता येतो का आणि उतारा वाचून अर्थ लावता येतो का, हे बघते. लेखी भागात लेखन आणि विश्लेषण तपासलं जातं. म्हणून तयारीचा मोठा वाटा लेखी सरावाला द्या.

७.१ पाया. राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया संहिता, करार, मुदत कायदा, पुरावा आणि फौजदारी प्रक्रिया. १ जुलै २०२४पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू आहेत, पण जुन्या गुन्ह्यांतली अपिलं जुन्या कलमांनीच येत राहणार. त्यामुळे दोन्हींची सांगड घालावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ५२८ झालं आणि ४८२ क्रमांकावर अटकपूर्व जामीन आला. ‘कलम ४८२ खालचा अर्ज’ एवढंच लिहिलेलं असेल तर संहिता कोणती ते आधी बघा. जुन्या पुरावा कायद्यातलं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कलम ६५-ब आता नव्या साक्ष अधिनियमात ६३ आहे.

७.२ सारांश लिहिण्याचा सराव. सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर संकेतस्थळावरून वीस-तीस पानांचा निकाल मोफत मिळतो. वरची हेडनोट, म्हणजे निकालाचा छापील सारांश, झाकून ठेवा. घड्याळ लावा आणि एका पानात हे उतरवा : कोणत्या आदेशाविरुद्ध आले आहेत, मागणी काय, महत्त्वाच्या तारखा, खालच्या न्यायालयांनी काय ठरवलं, मुख्य प्रश्न, दोन्ही बाजू, संबंधित कलमं. मग हेडनोट उघडून ताळा करा. सुरुवातीला घटनाक्रम अर्धं पान खातो आणि प्रश्न दोन ओळींत आटोपतो. हे प्रमाण उलटं होईपर्यंत सराव चालू ठेवायचा.

हे का, तर चेंबरमधलं रोजचं काम हेच आहे. सुप्रीम कोर्टात सोमवार आणि शुक्रवार हे नव्या मॅटरचे दिवस. एका बोर्डावर डझनावारी विशेष अनुमती याचिका (सुप्रीम कोर्टात अपिलाची परवानगी मागणारे अर्ज) असतात आणि प्रत्येकीवर न्यायमूर्तींना आदल्या रात्री छोटं टिपण हवं असतं. अशा टिपणात मुदतीची ओळ चुकवू नका. उच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध विशेष अनुमती याचिकेला साधारणपणे ९० दिवस मिळतात. उशीर झाला असेल तर किती दिवसांचा आणि कारण काय दिलंय, हे पहिल्या काही ओळींतच यायला हवं.

७.३ संशोधन-टिपण. इथे मुख्य चूक एकच : जो निकाल सापडला तो उतरवला. निकाल किती न्यायाधीशांच्या पीठाचा, नंतर तो कायम राहिला का, आणि तथ्यं जुळतात का, हे तीन प्रश्न प्रत्येक दाखल्याला विचारा. अटकपूर्व जामिनाला काळाची मर्यादा घालता येते का, हा प्रश्न सरावाला उत्तम आहे. १९८०चा सिब्बिया निकाल पाच न्यायाधीशांचा. डिसेंबर १९९५च्या सलाउद्दीन निकालात तीन न्यायाधीशांनी मर्यादित मुदतीचा आग्रह धरला. डिसेंबर २०१०च्या म्हेत्रे निकालात दोन न्यायाधीशांनी सिब्बियाच्या आधारे उलट मत दिलं. शेवटी जानेवारी २०२०मध्ये सुशीला अगरवाल प्रकरणात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की सर्वसाधारणपणे अशी मुदत घालू नये, पण विशेष परिस्थितीत अटी घालण्याची मुभा न्यायालयाला आहे. नुसता सलाउद्दीन सापडून थांबलेला विद्यार्थी आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर लिहून येतो. या चार निकालांवर दोन पानांचं टिपण लिहा आणि एखाद्या वकील मित्राकडून तपासून घ्या. शंभर बहुपर्यायी प्रश्न सोडवण्यापेक्षा यातून जास्त हाती लागेल.

७.४ दाखले लिहिण्याची शिस्त. न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयानेच निकालाला दिलेला क्रमांक, वाचता यायला हवं. सुप्रीम कोर्टाचं वर्ष, आयएनएससी आणि क्रमांक असं असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सायटेशनमध्ये मूळ शाखा, अपील शाखा, नागपूर, औरंगाबाद, गोवा यांची वेगवेगळी आद्याक्षरं येतात. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा हे निकालांचे ऑनलाइन संग्रह कॉलेजच्या लायब्ररीत असतील तर पदवी संपण्याआधी त्यांवर हात बसवा. कॉलेज सुटलं की लॉगिनही जातं.

सावधान : निगेटिव्ह मार्किंग आहे का, लेखी भाग हाताने लिहायचा की संगणकावर, हे प्रवेशपत्र आणि सूचनापत्रकातून ठरवा. आदर्श उत्तरतालिका लागल्यावर हरकत घ्यायला मुदत अगदी थोडी असते. परीक्षा झाल्यावर गावाला निघून गेलात तरी संकेतस्थळ बघत राहा.

## टप्पा ८ : अर्ज भरणं

आता खरा फॉर्म. आधी पूर्ण जाहिरात प्रिंट काढून हातात पेन घेऊन वाचा, मग खातं उघडा. ईमेल आणि मोबाइल असा द्या जो वर्षभर चालू राहील. कॉलेजचा ईमेल पदवीनंतर बंद होतो. फोटो आणि सहीचा आकार दिलेल्या मर्यादेत आधीच करून ठेवा. परीक्षेचं शहर निवडताना राहण्याच्या सोयीचा विचार करा, कारण नंतर बदल सहसा मिळत नाही.

शुल्क भरलं आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी लॉगिनमध्ये स्थिती बघा. भरलेला अर्ज पीडीएफ करून स्वतःला ईमेल करा. कागदी अर्ज मागवला असेल तर नमुना जसाच्या तसा वापरा, पानांना क्रमांक द्या, पाकिटावर पदाचं नाव लिहा. आणि शेवटच्या तारखेला टपालात टाकू नका : अर्ज ‘पोहोचण्याची’ तारीख दिली असेल तर पोस्टाचा शिक्का कामाला येत नाही.

## टप्पा ९ : मुलाखत

मुलाखत घेणाऱ्यांसमोर तुमचा सीव्ही असतो, त्यामुळे पहिले प्रश्न त्यातूनच येतात. नंतर एखादा ताजा निकाल किंवा एखादी तथ्यस्थिती देऊन ‘यात प्रश्न कोणता?’ असं विचारलं जातं. उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही, पण अमुक कलमापासून शोधायला सुरुवात करेन’ असं सांगा. अंदाज ठोकून दिलेलं उत्तर तिथे चालत नाही, कारण उद्या हाच माणूस रात्री अकराला चुकीचा दाखला ठोकून देईल, ही त्यांची भीती असते.

एखाद्या निकालाशी असहमत आहात का, असं विचारलं तर कारण देऊन असहमती दाखवायला हरकत नाही. उगाच सगळ्याला होकार देणाऱ्याचा चेंबरला उपयोग नसतो. घरातलं कोणी त्या न्यायालयात वकिली करत असेल, किंवा तुमच्या इंटर्नशिपमधलं मॅटर तिथे चालू असेल, तर विचारण्याआधीच सांगा. त्याने निवड अडत नाही. तुम्हाला त्या फाइलीपासून दूर ठेवलं जातं इतकंच. लपवलेलं नंतर कळलं तर मात्र अवघड होतं.

काळा-पांढरा पोशाख, मूळ कागदपत्रं, अर्ध्या तासाची मोकळीक. एवढं पुरे.

## टप्पा १० : निवड झाल्यावर

नेमणुकीच्या पत्रातली रुजू होण्याची तारीख आणि अटी आधी वाचा : कालावधी, मुदतवाढ, रजा, मध्येच सोडल्यास काय, नंतर त्या न्यायमूर्तींसमोर उभं राहण्यावर काही बंधन आहे का. सनद घेतली असेल तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे वकिली स्थगित ठेवण्याचा अर्ज करा आणि पोच जपा. परत वकिली सुरू करताना ती लागते. सनदेनंतर द्यायच्या बार परीक्षेची दोन वर्षांची मुदत डोक्यात असू द्या, नाहीतर क्लर्कशिपच्या गडबडीत ती निसटते.

सोशल मीडियावर ‘नवी सुरुवात’ म्हणून न्यायमूर्तींच्या नावासह फोटो टाकण्याआधी चेंबरमध्ये विचारा. बोर्डावरच्या मॅटरबद्दल मित्रांच्या ग्रुपवर एक ओळही लिहायची नाही, निकाल लागल्यावरसुद्धा.

नाव प्रतीक्षायादीत असेल तर फोन आणि ईमेल बघत राहा. मोठ्या फर्मकडे वळणारे किंवा परदेशी एलएलएमला जाणारे जागा सोडतात, आणि मग एखाद्या सकाळी फोन येतो की आठवड्याभरात दिल्लीत हजर व्हा. तोवर वकिली सुरू ठेवायला हरकत नाही.

वर्ष संपताना अनुभवाचं प्रमाणपत्र मागून घ्या. त्यावर रुजू झाल्याची आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख, पदाचं पूर्ण नाव आणि सही-शिक्का हवा. जेएमएफसीसाठी हा काळ मोजून घ्यायचा असेल तर न्यायमूर्ती निवृत्त होण्याआधी किंवा त्यांची बदली होण्याआधी हा कागद हातात पडला पाहिजे.